वायरमन परीक्षा: बॉडीला करंट येतो, तरी एमसीबी पडत नाही, हा कुठला फॉल्ट?

सागर, कळवा:
वायरमन परवान्याची तयारी चालू आहे. ओपन, शॉर्ट, अर्थ फॉल्ट यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्न फिरवून आला की अडतो. गीझरच्या बॉडीवर फेज आला म्हणजे शॉर्टच ना? मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, का पडत नाही?

पाटीलकाका, ऐरोली:
सागर, व्याख्या राहू दे. करंट कुठून कुठे चाललाय ते कागदावर काढ. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले तर अडवायला फक्त वायरचा रेझिस्टन्स. शेकड्यांनी अँपिअर वाहतात, एमसीबी तत्क्षणी पडते. तो शॉर्ट. तुझ्या गीझरचं एलिमेंट फुटलं आणि करंट बॉडीवरून अर्थिंगमध्ये गेला, तर तो अर्थ फॉल्ट. त्या वाटेचा रेझिस्टन्स 20 ओहम धर. 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो नेहमीचाच लोड वाटतो. सी कर्व्ह प्रकारची 16 ची एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. म्हणून लीकेज पकडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती बघते, कमी आला की पडते. उत्तरात हे गणित मांडच.

इथे खाडीकाठी पावसाळ्यात अर्थ फॉल्टच जास्त सापडतो. परवा एका सोसायटीच्या पंपाचा टर्मिनल बॉक्स उघडला. गॅस्केट गेलेलं, आत पाण्याचे थेंब, टर्मिनलवर हिरवट गंज. मल्टिमीटरवर वाइंडिंगची कंटिन्युइटी ठणठणीत, म्हणजे तार सलग, पण बॉडीशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर काटा शून्यावर! किमान 1 मेगाओहम तरी हवा. कंटिन्युइटीने फक्त ओपन, म्हणजे तुटलेली वाट कळते, लीकेज नाही.

वर्षा, कोपरखैरणे:
सुपरवायझरच्या पेपरला बसणाऱ्यांनी थ्री फेजचंही बघा. तिन्ही फेज एकत्र आले तर सिमेट्रिकल (तिन्हींत सारखा) फॉल्ट, बाकी सगळे अनसिमेट्रिकल. ओव्हरहेड लाइनवर सर्वांत जास्त होतो तो एक फेज-अर्थ.

सागर, कळवा:
काका, गणितामुळे डोक्यात बसलं. पण न्यूट्रल तुटणं हा ओपनच ना? मग आमच्या चाळीत टीव्ही का जळाले?

पाटीलकाका, ऐरोली:
ओपनच, पण थ्री फेजच्या मेन न्यूट्रलचा. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि 400 व्होल्ट आपसात वाटले जातात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं. टीव्ही तिथलेच जळतात. मीटर रूममध्ये एका फेजला 170 आणि दुसऱ्याला 290 दिसले, तर आधी मेन स्विच पाड आणि मगच न्यूट्रलचा जॉइंट शोधायला घे.