पुढचं पुस्तक कुठलं? ग्वाल्हेरकरांनो, अनुभव लिहा

आमचा वाचनगट ग्वाल्हेरचा, पण निम्मी मंडळी आता पुणे, नोएडा, बंगळुरूला पांगलेली. महिन्यातून एका रविवारी रात्री झूमवर भेटतो. पुस्तक वाचायला लागत नाही इतका वेळ ते ठरवायला लागतो. तुम्ही कसं ठरवता? फसलेलंही लिहा, तेच जास्त कामाचं.

माधौगंजहून:
आम्ही मतदान घेतलं. साडेसहाशे पानी कादंबरी दणक्यात निवडून आली, कारण ती प्रत्येकाचीच "वाचायची राहून गेलेली" होती. बैठकीला संपवून आलेले दोघे. एक काका मलपृष्ठाच्या भांडवलावर वीस मिनिटं बोलले! माझं पुण्याहून मागवलेलं पार्सल तर दुसऱ्या दिवशी आलं. आता सुचवणाऱ्यानंच आधी चौकशी करायची: प्रत मिळते का, ई-बुक आहे का, पानं किती. अडीचशेच्या वर गेलं की दोन महिने.

दौलतगंजहून:
गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आजेसासऱ्यांच्या कपाटात पडून होता. सुचवला तर "इतिहास नको बाई" अशी कुरकुर. मग मतामतांत न पडता मी पहिली पाच पानं वाचूनच दाखवली. घरावर कर्ज, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून भटजी कोकणातून निघतात, नि १८५७ च्या धामधुमीत सापडतात. झाशीचा वेढा आतून बघतात. राणीची समाधी इथे फुलबागेत, तिच्या शेजारून आम्ही भाजी घेऊन जातो! त्या महिन्याची बैठक पावणेबाराला संपली. पुस्तक पहिल्यांदा छापलं १९०७ साली, त्यामुळे मूळ मजकुरावर प्रताधिकार उरलेला नाही. स्कॅन बिनघोर पाठवले. (नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या टिपांना हे लागू नाही, असं गटातल्या वकीलबाईंनी बजावलं.)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, सध्या नोएडा:
बायको कानपूरची. देवनागरी येतेच, मग काय अडचण, असं मी धरून चाललो. 'डोळे'चे 'डोले' होतात हे ठीक, पण 'चार' आणि 'चाक' यांतले च वेगळे का, याला माझ्याकडे उत्तर नाही. गटात अशा तिघी सुना. म्हणून एक महिनाआड कथासंग्रह, आणि त्यातली एक कथा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायची. गेल्या खेपेला वऱ्हाडी बोलीतली कथा निघाली. दुसऱ्या परिच्छेदाला आई म्हणाली, "थांब रे, पुन्हा वाच." त्या दिवशी आम्ही सगळेच सुनांच्या बाकावर.