व्हीएनआयटी नागपूर की घरचं एसजीएसआयटीएस? घरात विचारायला कोणी नाही

रामबाग_इंदूर
भाचीची बारावी इथंच इंदूरला झाली, सीबीएसई, ८८ टक्के. जोसाच्या (आयआयटी-एनआयटींच्या केंद्रीय प्रवेशाच्या) पहिल्या फेरीत व्हीएनआयटीला, म्हणजे नागपूरच्या एनआयटीला, मेटलर्जी (धातुशास्त्र) लागली आहे. इथं एमपीच्या (मध्य प्रदेशच्या) काउन्सेलिंगमध्ये एसजीएसआयटीएस या इंदूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर ब्रँच मिळेल असं दिसतंय. दाजींची पिठाची चक्की, वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. घरात बारावीच्या पुढं कोणी गेलेलं नाही, त्यामुळे फ्रीझ, फ्लोट म्हणजे काय हेसुद्धा सांगणारं कोणी नाही. मूळ गाव साताऱ्याकडचं आहे, मग नागपूरला होम स्टेटचा फायदा मिळेल का? आणि चार वर्षांचा खर्च किती धरावा?

कटऑफ_काका
आधी गावाचा विषय संपवतो. एनआयटीच्या निम्म्या जागा होम स्टेटच्या आणि निम्म्या बाहेरच्या राज्यांच्या असतात, पण होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावर. मूळ गाव, आडनाव, घरात कुठली भाषा बोलतात, याला तिथं किंमत नाही. तिचं होम स्टेट मध्य प्रदेश, म्हणजे भोपाळच्या मॅनिटला ती घरची आणि नागपूरला बाहेरची. मागच्या वर्षीचे ओपनिंग-क्लोजिंग रँक बघताना ‘ओएस’ची (अदर स्टेट, बाहेरच्या राज्यांची) ओळ बघा, आणि त्यातही ‘फिमेल ओन्ली’ची. बरेच जण जेंडर न्यूट्रलची ओळ बघून उगाच हात टेकतात.

फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, ब्रँच वरची मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीत या जागेच्या वर लिहिलेलं काहीही, कुठल्याही कॉलेजचं, मिळालं तर हवं. फ्लोटमध्ये वरची जागा लागली की आधीची आपोआप जाते, परत मागता येत नाही. यादीचा क्रम आता बदलता येत नाही, म्हणून ती उघडून मेटलर्जीच्या वर काय काय लिहिलंय ते एकेक वाचा. त्यातलं एखादं कॉलेज नकोच असेल तर फ्लोट करू नका.

तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी सीट ॲक्सेप्टन्स फी वेळेत भरायची असते आणि कागदपत्रांवर ‘क्वेरी’ आली तर मुदतीत उत्तर द्यायचं असतं. ही क्वेरी पोर्टलवर लॉगिन केल्यावर दिसते. फोनच्या भरवशावर राहिल्यामुळे जागा गेलेल्यांची संख्या कमी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघा.

आरक्षणाची कॅटेगरी असेल तर वेगळं बोलावं लागेल. वडिलांचा दाखला महाराष्ट्रातला असेल तर जात मूळ राज्याच्या यादीवरून धरतात, आणि ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो.

हिशोबवही
एनआयटीची ट्यूशन फी सेमिस्टरला ६२,५०० म्हणजे वर्षाला १,२५,०००. घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांगांना पूर्ण माफ. तुमच्या दाजींचं साडेतीन लाख म्हणजे वर्षाला साधारण ४१,७०० उरतात, चार वर्षांचे १ लाख ६७ हजार. होस्टेल, मेस आणि बाकीच्या फिया यात नाहीत. त्या कॉलेजच्या त्या वर्षीच्या फी पत्रकातून उतरवून घ्या.

आय प्रमाणपत्र (उत्पन्नाचा दाखला) लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून घ्या. आणि एक बघा: चक्कीसाठी किंवा गाडीच्या कर्जासाठी कधी आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) भरला असेल, तर त्यातला आकडा आणि प्रमाणपत्रातला आकडा जुळायला हवा. कर्जासाठी साडेपाच लाख दाखवले आणि फीमाफीला साडेतीन लिहिले, तर कॉलेज दोन्ही मागतं आणि माफी अडकते.

घरच्या, म्हणजे इंदूरच्या पर्यायाला मेधावी योजना (मध्य प्रदेश सरकार हुशार मुलांची फी भरतं ती) हिशोबात धरा: सीबीएसईला ८५ टक्के आणि जेईई मेनचा रँक दीड लाखाच्या आत. ती बसते. तेव्हा दोन्हीकडची फी समोरासमोर ठेवली तर फरक फीचा कमी, राहण्या-खाण्याचा जास्त आहे.

कर्ज लागलंच तर पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीतल्या कॉलेजांना तारण-जामीन लागत नाही, हप्ता कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो. मंजुरीला वेळ लागतो, फी मात्र दिवसांत मागतात. पहिल्या सेमिस्टरचे पैसे हाताशी ठेवा.

नोडल_टेबल
केंद्राची १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती (एनएसपी म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची, बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलवाल्यांसाठी) दिसली की मुलं दोन्हीकडे अर्ज करतात. फीमाफी घेणाऱ्याला ती चालत नाही. ८३ हजारांची माफी सोडून १२ हजारांच्या मागं जाऊ नका.

टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) एकच असते. मूळ कागद कॉलेजनं तपासून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. कोणी ‘मूळ इथंच राहतील’ म्हणालं तर लेखी पावती मागा. बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट डिजिलॉकरवर असतं, तरी दोन प्रती छापून ठेवा.

लोखंड_वितळवणारा
सगळे पैशावर बोलले, ब्रँचवर कोणीच नाही. मेटलर्जी म्हणजे फेज डायग्राम, हीट ट्रीटमेंट, स्टील का तुटतं याचं शास्त्र. ज्याला आवडतं त्याला उत्तम, पण ‘एनआयटीचा शिक्का’ म्हणून घेतली की तिसऱ्या सेमिस्टरला कंटाळा येतो. पुढं ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर जाऊ नका, ते पहिल्या वर्षाचे मार्क आणि रिकाम्या जागा यांवर असतं. दोन्ही कॉलेजांच्या प्लेसमेंटचा ब्रँचवार मीडियन (मधला आकडा) बघा, सर्वात मोठं पॅकेज बघू नका. तिला कोडिंगच करायचं असेल तर माझं मत इंदूरच्या बाजूनं.

कटऑफ_काका
भिया, इथं मतभेद. घरापासून लांब गेलं की पोरगी स्वतः ऑफिसात जाऊन प्रश्न विचारायला शिकते, त्याचीही काही किंमत धरा. प्रवासाची भीती नको: इंदूर–नागपूर वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला निघते, दुपारी अडीचच्या आसपास पोचवते. घरी येताना विद्यार्थी सवलतीचा फॉर्म कॉलेजकडून घेतला तर स्लीपरला निम्मं भाडं. वंदे भारतला ही सवलत नाही.

रामबाग_इंदूर
यादी उघडून बघितली, मेटलर्जीच्या वर तिनं मॅनिटची सिव्हिल लिहिलीय, तिलाच आठवत नव्हतं. दुसरं म्हणजे दहावीच्या मार्कशीटवर नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचंही नाव आहे. चालेल?

नोडल_टेबल
आपल्याकडच्या निम्म्या पोरांचं हेच असतं, आधार काढताना आईवडील तीन शब्दांचं नाव सांगतात. दहावीचं मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावतीवरची स्पेलिंग काउंटर सोडण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा. मग तेच नाव बँकेत, आणि खातं आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय का ते विचारा. सोमवारी आधार केंद्र, मंगळवारी बँक, हाच क्रम ठेवा.