मदत हवी आहे : जलाशयाचा पाणी-हिशेब जुळत नाही

तळपातळी : पाऊस नाही, आवक शून्य आहे, तरीही विसर्ग आणि बाष्पीभवन यांच्या बेरजेपेक्षा साठ्यातील घट बरीच जास्त निघते. अहवाल तातडीने द्यायचा असल्याने कृपया नेमके कारण सांगावे.

मोजपट्टी : बाष्पपात्राची (बाष्पीभवन मोजण्याच्या उघड्या भांड्याची) नोंद जशीच्या तशी घेता की गुणक लावता? भांड्यातले पाणी जलाशयापेक्षा जास्त उडते, म्हणून ‘अ’ वर्गाच्या पात्राला साधारण ०.७ गुणक लावतात. आणि साठा कशावरून काढता?

तळपातळी : गुणक अर्थातच लावला आहे. साठा पातळीवरून, नेहमीच्या तक्त्यातून (कोणत्या पातळीला किती पसारा आणि किती साठा, हे सांगणाऱ्या) काढतो.

सांडवा : हा सरळसरळ पाझर आहे. धरणाच्या पायथ्याच्या चरात व्ही-नॉच (प्रवाह मोजण्याची व्ही आकाराची खाच असलेली पट्टी) बसवून तो रोज मोजा. पाणी गढूळ येऊ लागले, तर भरावातील माती वाहत असल्याचे समजून त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा.

नीलजल : सेटिल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर पाण्यावर पसरल्यास बाष्पीभवन घटते. हा उपाय आपण जरूर करावा.

मोजपट्टी : बाष्पीभवन कमी कसे करावे, हे इथे कोणी विचारलेले नाही, शिवाय वारा सुटला की तो थर फाटून काठाला जातो. तळपातळी, तक्ता कधीचा आहे?

तळपातळी : धरण बांधले तेव्हाचा. धरण तेच असताना तक्ता का बदलावा?

मोजपट्टी : धरण तेच असले तरी तळ तो राहिलेला नाही. गाळ फक्त मृतसाठ्यात (तळाच्या, बाहेर सोडता न येणाऱ्या साठ्यात) बसतो, असे मानले जाते. पण नदी जलाशयात शिरताच प्रवाह मंदावतो आणि रेती वरच्या अंगाला, म्हणजे उपयुक्त साठ्यातच बसते. त्यामुळे त्याच पातळीला पाण्याचा पसारा आकसतो. तक्त्यात १ चौरस किलोमीटर असेल, तर पातळी १ मिलिमीटर उतरताच तो १,००० घनमीटर घट दाखवतो. प्रत्यक्ष पसारा ०.८ असल्यास गेलेले पाणी ८०० घनमीटरच असते. काही दिवस विसर्ग बंद ठेवून पाहा : पातळीची घट बाष्पीभवनाइतकीच भरली, तर पाझर नाही, दोष तक्त्याचा किंवा विसर्गाच्या मापनाचा.

सांडवा : इतके सोपे नाही. पातळी उतरताना काठच्या जमिनीत मुरलेले पाणी परत जलाशयात येते आणि तेवढा पाझर झाकला जातो.

तळपातळी : विसर्ग बंद करणे माझ्या अधिकारात नाही.

मोजपट्टी : मग कमी आणि जास्त विसर्गाचे दिवस वेगळे काढा. तफावत विसर्गाबरोबर वाढत असेल, तर तक्ता किंवा विसर्गाचे मापन चुकते आहे. विसर्ग कितीही असो, ती तेवढीच राहत असेल, तर सांडवा यांचे म्हणणे खरे. मात्र पातळी वारा पडलेला असताना, पहाटे वाचा.

तळपातळी : जुन्या नोंदी आहेत. आजच वेगळ्या काढतो.