मदत हवी आहे: एका हाताने ६० लिटरचा रीफ टँक (प्रवाळ म्हणजे कोरल असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) कसा सांभाळावा?

उजवा हात ६ आठवडे स्लिंगमध्ये आहे, बादली उचलायची नाही. तळहातावर टाके असल्याने हात पाण्यात घालणंही बंद. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा पाण्यातला जिवाणू उघड्या जखमेतून शिरतो, शिवाय टँकमध्ये झोअँथिड (कोरलसारखे छोटे जीव) आहेत, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं.

टँकमध्ये सॉफ्ट कोरल आणि दोन युफिलिया (कठीण सांगाड्याचे कोरल). खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५ अंश, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) ८.५ डीकेएच या एककात, ती रोज साधारण ०.३ ने उतरते.

बाष्पीभवन भरून काढायला जमिनीवरच्या डब्यातून आरओ (गाळलेलं, क्षार काढलेलं) पाणी चढवणारा ऑटो टॉप-ऑफ लावला आहे. नळीचं तोंड पाण्याच्या वरच ठेवलंय. बुडालं तर पंप थांबल्यावर सायफन होऊन टँकचं खारं पाणी डब्यात उतरतं.

खरी अडचण आठवड्याला ६ लिटर पाणी बदलण्याची. मिठाचं पाणी वेगळ्या डब्यातच कालवून, तापमान जुळवून छोट्या पंपाने चढवावं असा विचार आहे. टँकमधलं पाणी काढण्याआधी हीटर बंद करणार, तो पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. पण १.५ मीटर उंचीला कोणता पंप पुरेल?

की ६ आठवडे पाणी न बदलता अल्कलिनिटी टिकवायला रोज अर्धा ग्रॅम खायचा सोडा विरघळवून द्यावा आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी? दोन्ही एकत्र पडले तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. नायट्रेट आत्ता १० पीपीएम आहे, खाणं निम्मं केलंय. युफिलियाला हे झेपेल का? मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.