साहेबांचा पासवर्ड नेमका कोणाला माहीत असतो?

न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांचा किस्सा वाचलाच असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये एफबीआयने फोन मागितला, तर तो कुलूपबंद. स्टाफकडून काही डिलीट होऊ नये म्हणून चार आकड्यांचा पासवर्ड सहा आकडी केला आणि तोच विसरलो, असं ते म्हणाल्याचं आरोपपत्रात आहे. खटला २०२५ मध्ये रद्द झाला, ते सोडा. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे काय चालतं? सरकारी मंडळी, घरचे, दुकानदार, सगळ्यांनी लिहा. कार्यालयाचं नाव नको.

ग्रामपंचायत ऑपरेटर, धुळे जिल्हा
ॲडम्सना स्टाफची भीती! आमच्याकडे स्टाफशिवाय पासवर्ड सापडत नाही. वित्त आयोगाच्या पेमेंटला ग्रामसेवकाची एक डिजिटल सही, सरपंचांची दुसरी. एकावर दुसऱ्याचा वचक राहावा म्हणून. मी रुजू झालो तेव्हा दोन्ही सह्यांचे डोंगल (पेनड्राइव्हसारखे, सही त्यातच असते) एकाच ड्रॉवरमध्ये, पिन पाकिटावर पेनाने लिहिलेले. सरपंचबाईंना विचारलं, तर नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यास्ले माहीत शे."

पोलीस पाटील, रावेरकडचा
केळीची कापणी सुरू झाली की हाताला चीक, फोन बोट घेतच नाही. फोन बंद करून चालू केला तरी आधी पिनच मागतो. बोटाच्या भरवशावर राहणारे मग पिन आठवत बसतात.

अंगणवाडी सेविका, शहादा तालुका
आधीच्या ताई निवृत्त झाल्या, त्यांचा फोन माझ्याकडे आला. पॅटर्न कोणालाच ठाऊक नाही. दुकानदाराने रीसेट केला, तर फोन जुनं गुगल खातं मागू लागला. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ती सोय म्हणे. चोर ठरले मी! खातं ताईंच्या पुतण्याने काढलेलं, पुतण्या सुरतला. पासवर्ड त्यालाही आठवेना. नशीब, ओटीपी त्याच्याच नंबरवर गेला. तोवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायची मुलांची हजेरी वहीत, आणि सुपरवायझर मॅडमचा रोज फोन, "भरलं का?"

मोबाईल दुरुस्ती, चाळीसगाव
साहेब स्वतः कधी येत नाहीत, शिपाई येतो. निरोप ठरलेला: डाटा जायला नको आणि कोणी बघायलाही नको. भो, आताच्या फोनमधला डाटा पिनशिवाय मलाही उघडत नाही. रीसेट केला तर सगळं साफ. एवढं सांगितलं की बहुतेक जण फोन परत नेतात. एक शिपाई मात्र बाहेर जाऊन बोलून आला, "करा साफ, साहेब तेच म्हणता."

निवृत्त तलाठी, अमळनेर
@ऑपरेटर, ते पाकीट आधी फाडा. दोघांना आपापला पिन बदलायला लावा, नवा पिन तुम्हाला सांगू देऊ नका. उद्या ऑडिटमध्ये पेमेंट अडलं की सही त्यांची आणि जाब तुम्हाला. बदली झालेल्याचं लॉगिनही त्याच दिवशी बंद करून घ्या. आमच्या वेळी चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या मोजून घ्यायचे.

ग्रामपंचायत ऑपरेटर, धुळे जिल्हा
पाकीट फाडलं, आबा. ग्रामसेवकांनी पिन बदलला. सरपंचबाईंचं डोंगल सध्या घरी आहे, यास्कडे.