विषय: मिसिसिपीचं वजन, कोलोरॅडोचं वजन

(डेन्व्हरहून)
नमस्कार मंडळी,
मुलाला मिसिसिपीत, जॅक्सनला नोकरी लागली आहे. सीडीसीचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा) २०२३ चा नकाशा पाहिला. लठ्ठ प्रौढांचं प्रमाण आमच्याकडे कोलोरॅडोत २४.९ टक्के, तिकडे ४०.१. तिकडची माणसं खातात तरी काय? पोराच्या जेवणाची फार काळजी वाटते.

(जॅक्सनहून)
ताई, नमस्कार.
तळलेला कॅटफिश आणि साखर घालून गोडमिट्ट केलेला गार चहा इथे घरोघरी आहे, हे खरं. ‘रिगार्ड्स’ या मोठ्या पाहणीत २०१५ साली दिसलं, की तळलेले पदार्थ, प्रक्रिया केलेलं मांस आणि गोड पेयं असा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आहार सर्वांत जास्त घेणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका, तो सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ५६ टक्के अधिक होता.

पण इथल्या जुन्या स्वयंपाकात भेंडी, चवळी, रताळी आणि कोलार्डची पालेभाजीही आहे. भेंडी आणि चवळी गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आल्या. म्हणून ‘यांना खायची अक्कल नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. राज्याच्या वायव्येला मिसिसिपी नदीकाठचा ‘डेल्टा’ नावाचा सपाट भाग आहे, तिथे जाऊन बघा. काळीभोर सुपीक जमीन, सोयाबीन आणि कापसाची नजर पोचेल तिथवर शेतं, आणि गावात ताजी भाजी विकणारं एक दुकान नाही. गाडी असेल तर पुढचं गाव गाठायचं. नसेल तर पेट्रोल पंपावरचं तळलेलं चिकन नाहीतर स्वस्त वस्तूंच्या ‘डॉलर स्टोअर’मधले डबाबंद पदार्थ. कौटुंबिक उत्पन्नात हे राज्य देशात तळाशी आहे. चालावं म्हटलं तर बऱ्याच रस्त्यांना पदपथ नाही, आणि जुलैत सूर्य कलला तरी दमट हवेने जीव नकोसा होतो. डेन्व्हरची कोरडी हवा आणि डोंगरवाटा इथे कुठून आणायच्या?

शिवाय हे आकडे फोनवर विचारून घेतलेले असतात. उंची-वजन ज्याचं त्याने सांगायचं; लोक उंची थोडी वाढवतात, वजन थोडं कमी करतात.

आणखी एक. १९९० मध्ये ज्या राज्यांची आकडेवारी होती, त्यांपैकी एकाही राज्यात हे प्रमाण १५ टक्क्यांवर नव्हतं. मोजण्याची पद्धत २०११ मध्ये बदलली, पण एवढी मोठी वाढ काही त्यामुळे होत नाही. म्हणजे आजचं कोलोरॅडो त्या वेळच्या मिसिसिपीपेक्षा लठ्ठ आहे. हे साऱ्या देशाचं दुखणं आहे. दक्षिणेत गरिबीमुळे ते जास्त बोचतं.

मुलाला निर्धास्त पाठवा. इथल्या शेतकरी बाजारात उन्हाळाभर भेंडी मिळते. पहिले काही दिवस आमच्याकडेच जेवू दे.

(शिकागोहून)
दोघांनाही नमस्कार. मी डॉक्टर आहे, म्हणून थोडी भर घालते. त्या नकाशातली लठ्ठपणाची रेघ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३० ची आहे. आपल्या लोकांना पोटाभोवती आणि यकृतात चरबी लवकर साठते, स्नायू कमी असतात, त्यामुळे मधुमेह बराच आधी गाठतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी मधुमेह तपासणीचा बीएमआयचा उंबरठा २५ वरून २३ वर आणला आहे. ताई, मुलाचा बीएमआय २४ असेल आणि तो अगदी सडपातळ दिसत असेल, तरी जाण्यापूर्वी त्याची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी) तपासणी करून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला सांगा.