घाट उतरून समुद्राकडे : नागपूरकरांनो, तुमचा पहिला घाट सांगा

पारिजात_खामला
काल भाचीने गगनबावड्याहून व्हिडिओ पाठवला. एसटीची खिडकी, बाहेर धुकं आणि वळणावळणाला हॉर्न. मला एकदम आमची शाळेतली सुट्टी आठवली. महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरहून निघायचं, वर्धा, बडनेरा, अकोला, मनमाड, पुणे करत दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. तिथून लाल गाडी, मालवणची.

आपण सपाटीवरची माणसं. मला वाटायचं, समुद्र म्हणजे असाच सरळ रस्ता संपला की लागत असेल. बावड्याला चहा झाला, गाडी गावाबाहेर आली आणि समोर जमीनच नाही! खाली सगळं कोकण. करूळ घाटात डायव्हरने गिअर टाकला तो पार खालपर्यंत बदलला नाही. आई डोळे मिटून गजानन महाराजांचं नाव घेत होती. कंडक्टर मात्र दांड्याला कोपर अडकवून चामड्याच्या बॅगेतली चिल्लर मोजत उभा, एक नाणं खाली पडलं नाही. खाली आल्यावर कानातले दडे सुटले आणि अंगाला चिकट घाम.

तुमचा पहिला घाट कोणता? लिहा ना.

कोराडीकर
आंबा घाट. रत्नागिरीला मामाची बदली होती. साखरप्याला उतरून भजी खाल्ली. बाकी झोपलो होतो, पण भजी आठवतात भाऊ.

माहेर_नागपूर
माझा फोंडा घाट. सासर कणकवली. लग्नानंतर पहिल्यांदा जाताना राधानगरी, दाजीपूरच्या जंगलातून गाडी चाललेली, रस्त्याच्या कडेला गवा उभा. यांनी बोट दाखवलं, मी मान वर केली नाही. मांडीवर आईने दिलेला संत्रा बर्फीचा डबा घट्ट धरून बसले होते. घाट उतरायला लागलो तसं वाटलं, आता मागे जायचं तर हा एवढा डोंगर चढावा लागेल. खाली लाल माती. आपली काळी माती बघायची सवय, ती लाल बघून रडूच आलं. सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, आधी आंघोळ कर, मग बोलू. गरम पाणी काढून ठेवलेलं. त्या आता नाहीत. अजून तो घाट उतरताना मला त्यांचंच पाणी आठवतं.
कुकर झाला, नंतर लिहिते.

पारिजात_खामला
ताई, वाचून डोळे भरले.

रामटेकची_मावशी
किती छान सासू. आमच्यावेळी असं पाणी मिळालं असतं तर...

निवृत्त_मास्तर
भूगोल शिकवायचो म्हणून राहवत नाही. सीताबर्डीची टेकडी आपण रोज बघतो, ती काळ्या बेसॉल्टची आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या पठाराची पूर्वेकडची कड आपल्या नागपूरपाशी येऊन विरते आणि पश्चिमेकडे तोच दगड सह्याद्रीची भिंत होऊन उभा राहतो. त्यामुळे बर्डीवरून निघून करूळला उतरणारा माणूस सारं पठार या कडेपासून त्या कडेपर्यंत तुडवतो. मुलांना हे प्रवासात दाखवा, पुस्तकात कळत नाही. बावड्याच्या माथ्यावरचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं. चार पावलं पलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला.

कोराडीकर
सर, बर्डीवर आयुष्य गेलं, हे कोणी सांगितलंच नव्हतं बाप्पा.

अजनी_लाईन
आम्ही कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचो. कोयनानगर आलं की आजोबा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सांगायला सुरुवात करायचे, ते घाट संपेपर्यंत. त्यांचे मित्र तिथे धरणावर होते. गोष्ट पाठ झाली होती तरी आम्ही भावंडं ऐकायचो, कारण सांगताना ते आमचा हात धरायचे.

धंतोली_७
समुद्र काय पश्चिमेलाच आहे का? विशाखापट्टणमला जा. तिथून अराकूची गाडी, मोठ्या काचांचा डबा. कोत्तवलसा-किरंदुल मार्गावर ५८ बोगदे आहेत. आमचा लेक प्रत्येक बोगद्यात ओरडायचा, पूर्ण डबा त्याच्यासोबत ओरडायला लागला. पूर्व घाट पण घाटच आहे, त्याचं कोणी नाव घेत नाही.

मानेवाडा_मुक्काम
आता काय, समृद्धीवर ७०१ किमी सुसाट. मुलं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत.

धंतोली_७
पण आजारी माणसाला मुंबईला न्यायचं असेल तर तो रस्ता देवासारखा. आम्ही नेलंय.

मानेवाडा_मुक्काम
हो, ते खरं आहे दादा. कशी आहे आता तब्येत?

धंतोली_७
बरी आहे. फिरून राहिले घरातल्या घरात.

नवी_आई
मे महिन्यात पहिल्यांदा जाऊन राहिलो, आंबोलीमार्गे सावंतवाडी. मुलीला गाडी लागते. काय करू?

रामटेकची_मावशी
रिकाम्या पोटी बसवू नको, तुडुंब पण नको. पुढच्या सीटवर बसव, लांब बघायला सांग. संत्र्याची साल हातात दे, वास घेत राहील. मे मध्ये आपल्याकडे संत्री कुठली, लिंबू चालेल. आणि आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम बघा, थोडं चालणं होईल, पोरीला बरं वाटेल.

माहेर_नागपूर
आले परत. नवी_आई, सावंतवाडीला लाकडी खेळणी घे लेकीला.
एक विचारायचं होतं. आईच्या कुरडया इथे पावसात सादळतात, तळल्या की फुलत नाहीत. कोणी उपाय सांगा.

रामटेकची_मावशी
स्टीलच्या घट्ट डब्यात ठेव, तळाशी फडक्यात भाजलेले तांदूळ बांधून. तळायच्या आधी तव्यावर जरा गरम कर.

माहेर_नागपूर
आणि मुगवड्या?

रामटेकची_मावशी
त्या पण तशाच. पण कुरडयांच्या डब्यात नको, वास लागतो.